महाविद्यालयाची निवड आणि तीन विद्यांचा सांधा

'कॉलेज' हा शब्द मराठीत येऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला. बंगाली, कन्नड, तमिळ, हिंदी या भाषांतही तो तितकाच घरगुती झाला आहे. 'महाविद्यालय' हा संस्कृत पर्याय पाटीवर आणि प्रमाणपत्रावर दिसतो. बोलताना मात्र 'कॉलेज'च. परंतु शब्द परका वाटेनासा झाला की त्याच्यामागची संस्थाही ओळखीची झाली, असा समज नकळत होऊन बसतो. ऑक्सफर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या संयुक्त अभ्यासक्रमासाठी अर्ज करू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यापुढे प्रारंभीच प्रश्न येतो तो 'कोणते कॉलेज?' हा, आणि त्याचे उत्तर तो स्वतः, अथवा त्याच्या घरची मंडळी, या ओळखीच्या शब्दाच्या आधारेच शोधू लागतात. मुंबईत एल्फिन्स्टन की सेंट झेवियर्स, पुण्यात फर्ग्युसन की सर परशुरामभाऊ, दिल्लीत सेंट स्टीफन्स की हिंदू, असा जो प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला गेला तोच तेथेही विचारला जातो: यांतले मोठे कोणते? नाव कोणाचे? निवडीची दिशा चुकते ती येथेच.

या चुकीचे मूळ इतिहासात आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, संलग्न महाविद्यालयांनी शिकवावे, अशी ती व्यवस्था होती. साहजिकच आपल्याकडे कॉलेज म्हणजे व्याख्याने ऐकण्याची जागा झाली. कॉलेज बदलले की शिक्षक बदलतात, वर्ग बदलतो, आणि मिळणारे शिक्षणही बदलते. म्हणून चांगल्या व्याख्यात्यांचे कॉलेज गाठण्याची धडपड येथे अगदी सयुक्तिक ठरते. ऑक्सफर्डची मांडणी निराळी आहे. तेथे व्याख्याने विद्यापीठाची, आणि ती सर्व महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना खुली. अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक, पदवीही विद्यापीठाचीच. महाविद्यालयाकडे राहतात त्या मुख्यतः तीन गोष्टी: प्रवेश देणे, निवासाची सोय करणे आणि ट्यूटोरियल चालविणे. म्हणजे भारतात ज्या गोष्टीसाठी कॉलेज निवडावयाचे ती तेथे सर्वांना सारखीच मिळते. आणि ज्या गोष्टीसाठी तेथे कॉलेज निवडावयास हवे ती आपल्या कॉलेजांत बहुधा नसतेच.

हा अभ्यासक्रम ऑक्सफर्डमध्ये १९२० साली सुरू झाला. तोवर तेथील मानव्यविद्यांचा मुकुटमणी म्हणजे ग्रीक-लॅटिन वाङ्मय, प्राचीन इतिहास व तत्त्वज्ञान यांचा 'ग्रेट्स' या नावाने ओळखला जाणारा अभ्यास. पहिल्या महायुद्धानंतर, प्राचीन भाषांवाचूनही आधुनिक जगाचा तितकाच कसून विचार करता यावा, या हेतूने ही नवी योजना झाली. म्हणूनच तिला प्रारंभी 'मॉडर्न ग्रेट्स' असे म्हणत. प्रवेशासाठीची ग्रीक भाषेची सक्तीही त्याच वर्षी उठली. बेलियल महाविद्यालयाचे नाव या अभ्यासक्रमाशी आरंभापासून निगडित आहे, आणि या संबंधामुळेच आजही अनेकांना 'हा विषय घ्यावयाचा तर बेलियलच' असे वाटते. शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मस्थानाला आजच्या गुणवत्तेचे प्रमाण मानण्याचा हा प्रकार आहे. अभ्यासाची मांडणी आज साधारण अशी: पहिल्या वर्षी तिन्ही विषय सर्वांना सक्तीचे, त्यानंतर तिन्ही पुढे चालवावेत अथवा एक सोडून दोन ठेवावेत, ही मोकळीक. शेवटची परीक्षा विद्यापीठाची, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे महाविद्यालय ठाऊक नसते.

नावाच्या मोहाला खुद्द या अभ्यासक्रमाचा इतिहासच उत्तर देतो. ब्रिटनचे पाच पंतप्रधान हाच विषय शिकून बाहेर पडले: हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक. त्यांची महाविद्यालये अनुक्रमे जीझस, बेलियल, ब्रेझनोज, मर्टन आणि लिंकन. पाच माणसे आणि पाच निरनिराळी महाविद्यालये. भारतीय उपखंडात आणि शेजारी ब्रह्मदेशात पाहिले तरी तेच. बेनझीर भुट्टो लेडी मार्गारेट हॉलच्या, इम्रान खान केबलचे, आंग सान सू ची सेंट ह्यूजच्या. सू ची यांनी तर आधी दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात राज्यशास्त्राचा अभ्यास केला होता. सत्तेची वाट एखाद्या विशिष्ट महाविद्यालयाच्या दारातून जाते असे मानणाऱ्याला ही यादी निरुत्तर करील. निकालांनुसार महाविद्यालयांची क्रमवारी लावणारा 'नॉरिंग्टन तक्ता' नावाचा एक प्रकारही तेथे आहे, आणि पुष्कळ पालक तो पंचांगासारखा पाहतात. परंतु या अभ्यासक्रमात वर्षाला सुमारे अडीचशे विद्यार्थी घेतले जातात, आणि ते जवळजवळ तीस महाविद्यालयांत वाटले जातात. म्हणजे एका महाविद्यालयाच्या वाट्याला वर्षाकाठी आठ-दहा. एवढ्या लहान संख्येत एका-दोघांचा वर्ग वरखाली झाला की क्रम उलटापालटा होतो. अशा तक्त्यावर तीन वर्षांचे आयुष्य बेतणे शहाणपणाचे नव्हे.

या यादीतील दोन स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्यांच्या काळी लेडी मार्गारेट हॉल व सेंट ह्यूज ही दोन्ही केवळ स्त्रियांची महाविद्यालये होती. पुरुषांच्या महाविद्यालयांपैकी पहिल्या पाचांनी आपली दारे मुलींना उघडली ती १९७४ मध्ये. आणि केवळ स्त्रियांचे म्हणून उरलेले शेवटचे महाविद्यालय, सेंट हिल्डाज, २००८ मध्ये सर्वांना खुले झाले. तत्पूर्वी मुलीच्या दृष्टीने 'निवड' म्हणजे चार-पाच दारांपैकी एक. त्याही आधी काय स्थिती होती हे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या चरित्रावरून कळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून उत्तम यश मिळवूनही केवळ स्त्री म्हणून त्यांना सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. हितचिंतकांनी जमविलेल्या पैशावर त्या १८८९ मध्ये सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेस बसण्यासाठी त्यांना खास परवानगी मिळवावी लागली. आणि ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० मध्ये, म्हणजे हा संयुक्त अभ्यासक्रम जन्मला त्याच वर्षी. निवडीचा प्रश्न पडणे हेच एके काळी मोठे भाग्य होते, याची जाणीव आज अर्ज भरणाऱ्याने ठेवली तर त्या प्रश्नाकडे तो अधिक गांभीर्याने पाहील.

मग महाविद्यालय कोणतेही असले तरी चालेल, असा निष्कर्ष काढावयाचा काय? विद्यापीठाची प्रवेशपद्धती वरकरणी तरी याला दुजोरा देते. अर्जदार कोणत्याही महाविद्यालयाचे नाव न घालता अर्ज करू शकतो. आणि नाव घातले तरी ते महाविद्यालय त्याला दुसऱ्याकडे पाठवू शकते. अनेक विद्यार्थ्यांना मागितलेल्या महाविद्यालयाऐवजी दुसऱ्याच महाविद्यालयात प्रवेश मिळतो, आणि त्यांपैकी फारसे कोणी पुढे त्याबद्दल हळहळत नाहीत. तरीही 'कोणतेही चालेल' हे उत्तर अपुरे आहे. त्याचे कारण या अभ्यासक्रमाच्या स्वरूपात दडलेले आहे.

तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या तीन विषयांमधला 'आणि' कोठे असतो? तो पाठ्यपुस्तकात नसतो. विद्यापीठाची व्याख्याने प्रत्येक विषयाची स्वतंत्र, प्रश्नपत्रिकाही स्वतंत्र. न्यायाची संकल्पना शिकविणारा तत्त्वज्ञ कररचनेबद्दल बोलत नाही. कररचना शिकविणारा अर्थशास्त्रज्ञ निवडणुकांना स्पर्श करीत नाही. अभ्यासक्रमपत्रिकेत हे तीन विषय एकमेकांशेजारी ठेवलेले असतात, इतकेच. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण चांगलीच परिचयाची आहे. मराठी कादंबरी आणि बंगाली कादंबरी एका अभ्यासक्रमात नेमल्या म्हणजे तुलना झाली असे होत नाही. दोहोंना भिडणारा एखादा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिला म्हणजे तुलनेला आरंभ होतो. संयुक्त अभ्यासक्रमाचेही तसेच. तीन विद्यांचा सांधा जुळतो तो विद्यार्थ्याच्या मनात. आणि तो जुळावा यासाठी ऑक्सफर्डने जी व्यवस्था केली आहे ती म्हणजे ट्यूटोरियल.

ट्यूटोरियलमध्ये होते ते एवढेच: विद्यार्थी आठवडाभर वाचन करून एक निबंध लिहितो, आणि दोन-तीन सहाध्यायांसह ट्यूटरपुढे बसून त्याचे समर्थन करतो. ट्यूटर विचारतो, 'हे विधान कशावरून?' उत्तर पुरे पडले नाही की पुन्हा विचारतो. मागील आठवड्यात अर्थशास्त्राच्या निबंधात जे गृहीत धरले ते या आठवड्यात तत्त्वज्ञानाच्या निबंधात टिकत नाही, हे विद्यार्थ्याला तेथेच उमगते. पहिल्या वर्षी तिन्ही विषयांचे हे काम बव्हंशी महाविद्यालयातील शिक्षकांकडेच असते, आणि सोबतीला तीच आठ-दहा मुले. भोजनगृहात, ग्रंथालयात, जिन्यावर तोच वाद पुढे चालतो. याच अर्थाने महाविद्यालयाची निवड म्हणजे तीन विद्या कोठे व कोणाच्या संगतीत एकत्र येणार, याची निवड होय.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विशेष विषयांचे ट्यूटोरियल पुष्कळदा अन्य महाविद्यालयांतील तज्ज्ञांकडे होते. ज्या शिक्षकाचे नाव पाहून महाविद्यालय निवडले तो नेमका त्या वर्षी रजेवर असू शकतो. आक्षेप खरा आहे; परंतु त्याने मूळ मुद्दा ढासळत नाही, तो अधिक नेमका होतो. एखाद्या विख्यात ग्रंथकाराच्या नावावर महाविद्यालय निवडू नये. विचारावयाचे ते असे: तिन्ही विषयांना तेथे कायम शिक्षक आहेत काय, की एखाद्या विषयासाठी पहिल्या वर्षापासूनच बाहेर जावे लागते? एका वर्षाला या अभ्यासक्रमाचे किती विद्यार्थी असतात? ती संख्या फार लहान असेल तर वाद घालावयास माणूस मिळत नाही. तिन्ही वर्षे निवासाची सोय आहे काय? परदेशातून येणाऱ्या आणि तेथे नातेवाईक नसणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट किरकोळ नाही. भाड्याची खोली शोधण्यात गेलेला महिना निबंधाच्या वाट्यातूनच वजा होतो. ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते? वय एकवीसहून अधिक असेल तर केवळ अशाच विद्यार्थ्यांसाठी असलेल्या हॅरिस मँचेस्टरचा विचार केला आहे काय? हे प्रश्न गद्य वाटतील. पण तीन वर्षांचे बरेवाईट त्यांच्यावरच ठरते. घरचे दागिने अथवा जमीन मोडून मुलाला पाठविणाऱ्या कुटुंबाला तर नावाच्या झळाळीपेक्षा या उत्तरांची गरज कितीतरी अधिक आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष का घालावे, याला आणखी एक कारण आहे. हा अभ्यासक्रम राज्यकर्ते घडविण्याचा कारखाना म्हणून ओळखला जातो. पण आपल्या तीन महत्त्वाच्या लेखकांनीही तो पुरा केलेला आहे, हे सहसा आठवत नाही. बंगाली कवी-कादंबरीकार व 'चतुरंग' या त्रैमासिकाचे संस्थापक हुमायून कबीर १९३१ मध्ये एक्झिटर महाविद्यालयातून हाच अभ्यास पुरा करून परतले. पुढे ते तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले आणि स्वतंत्र भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळातही होते. विक्रम सेठ सत्तरच्या दशकात कॉर्पस क्रिस्टीमध्ये हाच विषय शिकले. अरुण साधू यांनी मराठीत आणलेली त्यांची १९९३ ची 'अ सूटेबल बॉय' ही कादंबरी जमीनदारी निर्मूलनाचा कायदा आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक यांना विवाहकथेइतकेच स्थान देते. तिसरे गिरीश कार्नाड. माथेरानला जन्मलेले, धारवाडला गणित व संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झालेले कार्नाड ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर १९६० ते १९६३ या काळात मॉडलिन महाविद्यालयात हाच विषय शिकत होते. 'ययाति' १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९६४ मध्ये 'तुघलक'.

'तुघलक' विजय तेंडुलकरांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाला चांगलेच परिचित आहे. त्यातला सुलतान ग्रंथांत रमणारा, न्यायाची उदात्त कल्पना उराशी बाळगणारा. दिल्लीहून दौलताबादेला राजधानी हलविण्यामागे त्याची राजकीय योजना आहे. आणि तांब्याचे नाणे चांदीच्या मोलाने चालविण्याचा त्याचा प्रयोग खोट्या नाण्यांच्या ढिगाऱ्याखाली गाडला जातो. राजाचे तत्त्वचिंतन, त्याचे राजकारण आणि त्याची चलनव्यवस्था ही तिन्ही येथे एकाच शोकांतिकेचे धागे आहेत. त्यांतला एक काढला तरी नाटक उभे राहत नाही. ऑक्सफर्डच्या ट्यूटोरियलमधून 'तुघलक' जन्मले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. कलाकृतीची कुळी इतकी सरळ नसते. परंतु तीन विद्यांचा सांधा प्रत्यक्ष जुळला म्हणजे तो कसा दिसतो, याचे एवढे स्पष्ट भारतीय उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. आणि येथेही तीन लेखक, तीन महाविद्यालये.

या अभ्यासक्रमावर होणारी टीकाही लक्षात घेतली पाहिजे. तीन विषय शिकताना एकाचाही तळ गाठला जात नाही. आठवड्याला निबंध पाडण्याच्या सवयीने कोणत्याही विषयावर सफाईने बोलण्याची हातोटी येते आणि तीच पुढे ज्ञान म्हणून मिरविली जाते, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. सांधा जुळणे आणि सांध्यावर रोगण फासणे यांतला फरक ओळखणारा ट्यूटर नसेल तर ही व्यवस्था केवळ वाक्पटू माणसे निर्माण करील. म्हणून तर महाविद्यालय पाहावयाचे ते नावापेक्षा बारकाईने. उलटपक्षी, अभ्यासक्रमाच्या नावावाचूनही हा सांधा जुळू शकतो, याचा पुरावा महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवून समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला. ऑक्सफर्डचा अभ्यासक्रम तेव्हा जन्मलाही नव्हता. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये, श्रमविभागणीच्या नावाखाली जातिसंस्थेचे समर्थन करणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर एकाच वेळी आर्थिक, राजकीय आणि नैतिक आहे. कोणता भाग कोठे संपतो हे दाखविता येत नाही. हा सांधा एका जिवंत प्रश्नाने जुळविलेला आहे. ज्याच्यापाशी असा प्रश्न आहे त्याने आपला प्रश्न ऐकून घेणारे स्थान शोधावे. ज्याच्यापाशी नाही त्याने तो निर्माण होईल असे स्थान शोधावे. महाविद्यालयाच्या निवडीची याहून चांगली कसोटी सांगता येणार नाही.

हा विचार आता केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात हा संयुक्त विषय शिकविला जातो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर बहुविद्याशाखीय शिक्षण हे देशातील सर्वच विद्यापीठांचे उद्दिष्ट ठरविले आहे. विषयांची जुळणी कागदावर करणे सोपे असते. 'कॉलेज' हा शब्द आणणेही तसे सोपेच होते. तेव्हा नाव आले. एका विद्यार्थ्याचा निबंध ऐकून घेणारी आठवड्यातली ती एक घटिका मात्र मागेच राहिली. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ती कशी आणावयाची, हा प्रश्न पैशाचा आहे, शिक्षकसंख्येचा आहे, हे मान्य. तथापि आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा का होईना, विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत लिहिलेले चार पानांचे टिपण शिक्षकापुढे आणि दोन सहाध्यायांपुढे वाचावे आणि त्याचे समर्थन करावे, एवढे तर नांदेड अथवा सोलापूरच्या महाविद्यालयातही अशक्य नाही. ते मराठीत झाले तर त्या भाषेत अर्थशास्त्राला तत्त्वज्ञानाशी बोलावे लागेल, आणि मराठी वैचारिक गद्याचाही त्यात लाभ आहे.

तेव्हा उद्या एखादा विद्यार्थी, ऑक्सफर्डसाठी असो वा सोनीपतसाठी, 'कोणते कॉलेज घेऊ?' असे विचारीत आपल्या शिक्षकांकडे आला, तर त्याला नावांची यादी देण्याची घाई करू नये. तेथे तुझे लिहिलेले कोण ऐकणार आहे, आणि ऐकून 'कशावरून?' असे कोण विचारणार आहे, एवढे शोधून ये, असे त्याला सांगावे. ते शोधता शोधता त्याचे अर्धे शिक्षण घरीच झालेले असेल.